‘पोटात पसरला’ म्हणजे नेमके कोठे?

मराठीत ‘पोट’ हा शब्द फार मोठा संसार सांभाळतो. पोट भरते, पोट दुखते, पोट सुटते. माणूस पोटासाठी गाव सोडतो. आईच्या पोटी लेकरू जन्मते आणि समंजस माणूस दुसऱ्याचा अपराध पोटात घालतो. अन्न साठवणारी पिशवी म्हणजे जठर, ती पिशवी ज्या पोकळीत आहे ते सबंध उदर, आणि गर्भाशय, या तिन्हींना आपण एकाच नावाने ओळखतो. एरवी यात काही बिघडत नाही. संदर्भाने अर्थ कळतो. परंतु रुग्णालयातून घरी फोन जातो आणि ‘‘आतड्याचा कर्करोग पोटात पसरला आहे’’ एवढेच वाक्य घरच्यांच्या कानी पडते, तेव्हा या शब्दाच्या ऐसपैसपणामुळे मोठा घोटाळा होऊ शकतो. या वाक्याचे दोन अगदी निराळे अर्थ संभवतात आणि त्या दोहोंची चिकित्सा, खर्च व भवितव्य यांत फार अंतर आहे.

बँकेतील दीर्घ नोकरीत एक सवय अंगवळणी पडली. रक्कम किती यापेक्षा ती कोणत्या शीर्षाखाली नोंदली आहे, हे आधी पाहायचे. तीच रक्कम ठेव म्हणून नोंदली तर ते बँकेचे देणे ठरते आणि कर्ज म्हणून नोंदली तर येणे. आजाराच्या कागदपत्रांनाही हा नियम लागू पडतो, असे आप्तेष्टांचे वैद्यकीय अहवाल समजून घेताना वारंवार जाणवले. मी वैद्य नाही. उपचाराचा निर्णय रुग्णाने आपल्या डॉक्टरांसमवेतच घ्यावा. मात्र त्यांना कोणता प्रश्न विचारावा, हे ठाऊक असणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

बांध कोरणे आणि बी उधळणे

पहिला अर्थ असा : मोठ्या आतड्यातील गाठ वाढत वाढत आतड्याची भिंत ओलांडून शेजारच्या जठराच्या भिंतीत शिरली आहे. दुसरा अर्थ असा : गाठीपासून सुटलेल्या पेशी उदरपोकळीत विखुरल्या असून पोकळीच्या आतील पातळ अस्तरावर, म्हणजे पर्युदरावर, ठिकठिकाणी रुजल्या आहेत. शेतीच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या प्रकारात गाठीने शेजाऱ्याचा बांध कोरला आहे. दुसऱ्या प्रकारात तिने रानभर बी उधळले आहे. कोरलेला बांध मोजता येतो, त्याची हद्द ठरवता येते. उधळलेले बी वेचणे फार अवघड असते.

वैद्यकशास्त्राची वर्गवारीही हा भेद पाळते. मूळ गाठ किती खोल गेली हे ‘टी’ या अक्षराने, लसिका ग्रंथींत रोग आहे की नाही हे ‘एन’ने आणि दूरच्या अवयवांतील प्रसार ‘एम’ने दर्शविला जातो. आतड्याची गाठ थेट शेजारच्या अवयवात शिरली असेल, तर तिला ‘टी ४ बी’ म्हणतात. येथील ‘४’ हा आकडा पाहूनच अनेकांचे धाबे दणाणते. वास्तविक तो केवळ खोलीचा आकडा आहे, रोगाच्या अवस्थेचा नव्हे. लसिका ग्रंथी स्वच्छ असतील आणि दूर कोठे प्रसार नसेल, तर अशा रुग्णाची अवस्था ‘२ सी’ ठरते. ग्रंथींत रोग आढळला तर ‘३ सी’. चौथी अवस्था यकृत, फुप्फुस अशा दूरच्या अवयवांत किंवा पर्युदरावर प्रसार झाल्यावरच सांगितली जाते. म्हणजे जठराच्या भिंतीत शिरलेला आतड्याचा कर्करोग आपोआप चौथ्या अवस्थेचा होत नाही आणि शस्त्रक्रियेने तो बरा करण्याचा प्रयत्न करण्यास शास्त्राचा आधार आहे.

याचा अर्थ हा आजार सौम्य आहे, असा मात्र घेऊ नये. ‘२ सी’ हा गट दुसऱ्या अवस्थेतील सर्वांत गंभीर गट आहे. त्यातील रुग्णांचे भवितव्य ‘३ अ’ गटापेक्षाही कठीण असल्याचे आढळले आहे. आशा आहे, पण ती उत्तम शस्त्रक्रियेवर आणि नंतरच्या शिस्तबद्ध उपचारावर अवलंबून आहे.

शेजार कसा आहे?

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. ते उजव्या बाजूने वर चढते, यकृताखाली वळते, आडवे डावीकडे जाते आणि प्लीहेजवळ पुन्हा वळून खाली उतरते. यातील आडवा भाग, ज्याला डॉक्टर ‘ट्रान्सव्हर्स कोलन’ म्हणतात, जठराच्या खालच्या वक्र कडेला लागूनच असतो. दोहोंमध्ये चरबीयुक्त पडद्याचा दुवा असतो. त्यामुळे या आडव्या भागातील आणि प्लीहेजवळच्या वळणावरील गाठी जठराला सहज गाठू शकतात. यकृताजवळच्या वळणावरील गाठ लहान आतड्याच्या पहिल्या भागाकडे किंवा स्वादुपिंडाकडे वळते, तर अगदी खालच्या डाव्या भागातील गाठ मूत्राशय किंवा गर्भाशयाला चिकटते.

क्वचित गाठ इतकी खोलवर जाते की जठर आणि मोठे आतडे यांच्यामध्ये आरपार वाट तयार होते. अशा रुग्णाला सतत जुलाब होतात, ढेकरेला आणि उलटीला विष्ठेचा वास येतो, शौचात न पचलेले अन्न दिसते आणि वजन झपाट्याने उतरते. अन्न जठरातून थेट मोठ्या आतड्यात उतरते एवढेच याचे कारण नाही. मोठ्या आतड्यातील जंतू उलट दिशेने जठरात आणि लहान आतड्यात पोहोचतात व तेथील पचनाची घडीच विस्कटते. पूर्वी असे रुग्ण इतके क्षीण झालेले असत, की शस्त्रक्रिया तीन टप्प्यांत करावी लागे : प्रथम पोटावर शौचमार्ग काढायचा, प्रकृती सावरल्यावर रोगग्रस्त भाग काढायचा आणि शेवटी तो तात्पुरता मार्ग बंद करायचा. पोषणशास्त्र, प्रतिजैविके आणि भूलशास्त्र यांच्या प्रगतीमुळे आता योग्य तयारीनंतर हे काम बहुधा एकाच शस्त्रक्रियेत होते.

सोडवायचे नाही, एकसंध काढायचे

या शस्त्रक्रियेचा गाभा एका नियमात आहे. आतड्याची गाठ जठराला चिकटलेली दिसली, तर ती सोडवून वेगळी करायची नाही. आतड्याचा रोगग्रस्त भाग, त्याच्या लसिका ग्रंथी, मधला चरबीचा पडदा आणि जठराचा चिकटलेला तुकडा हे सर्व निरोगी कडेसह एकसंध बाहेर काढायचे. डॉक्टरांच्या बोलण्यात यासाठी ‘एन ब्लॉक’ हा शब्द येतो.

असा आग्रह का? चिकटलेपणा दोन कारणांनी येतो. कधी तेथे केवळ सूज असते, तर कधी कर्करोगाच्या पेशी प्रत्यक्ष पलीकडे गेलेल्या असतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर डोळ्यांनी किंवा बोटांनी या दोहोंतील फरक ओळखता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक रुग्णांत तेथे खरोखर कर्करोग असतो, असे अनेक रुग्णालयांच्या अनुभवावरून दिसते. म्हणून ‘बहुधा सूजच असेल’ असे मानून गाठ सोडवणे म्हणजे तारण न तपासता कर्ज मंजूर करण्यासारखे आहे. गाठ फाटली की पेशी उदरात सांडतात आणि जो आजार बांध कोरण्यापुरता होता, त्याचे बी आपल्याच हातून उधळले जाते. नंतरच्या तपासणीत केवळ सूज निघाली, तरी जठराचा तेवढा तुकडा वाया गेला असे समजू नये. सुरक्षिततेसाठी मोजलेली ती किंमत असते.

येथे समाजातील एका भीतीचा विचार करणे आवश्यक आहे. ‘‘सुरी लागली की कर्करोग पसरतो’’, ‘‘आतल्या गाठीला हवा लागता कामा नये’’ असे सल्ले घरातील वडीलधारी मंडळी कळकळीने देतात आणि त्यापायी मोलाचे महिने निघून जातात. हवेने कर्करोग पसरत नाही. आतड्याच्या गाठीवर बरे होण्याचा मुख्य मार्ग अजूनही शस्त्रक्रियाच आहे. धोका असतो तो गाठीतूनच छेद घेण्यात आणि तो टाळण्यासाठीच एकसंध काढण्याचा हा नियम पाळतात. या भीतीवरचे उत्तर म्हणजे योग्य शस्त्रक्रिया, शस्त्रक्रिया टाळणे नव्हे.

जठराचा भाग कापून माणूस जगू शकतो, हे प्रथम सिद्ध झाले ते व्हिएन्नात. २९ जानेवारी १८८१ रोजी थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदांनी कर्करोगग्रस्त जठराचा खालचा भाग यशस्वीरीत्या काढला. ती रुग्ण स्त्री शस्त्रक्रियेतून सावरली, जेवू लागली. परंतु सुमारे चार महिन्यांनी रोगाच्या प्रसारानेच तिचा अंत झाला. गाठ काढता येणे आणि रोग निपटून काढणे यांतले अंतर त्या पहिल्याच प्रयत्नाने दाखवून दिले. त्यानंतरच्या काळात शस्त्रक्रियेबरोबर औषधोपचाराची जोड शोधण्यामागे हेच अंतर कमी करण्याचा ध्यास आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

घाई करण्याजोगा आजार असला, तरी तयारीचे काही आठवडे वाया जात नाहीत. दुर्बिणीने मोठे आतडे तपासून तुकडा घेतला जातो. छाती व उदराचा सीटी स्कॅन, रक्तातील सीईए या घटकाची चाचणी आणि आवश्यकतेनुसार जठराची दुर्बीण तपासणी होते. पर्युदरावर बारीक गाठी असल्याचा संशय असेल, तर छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून उदर प्रत्यक्ष पाहिले जाते. ‘बांध कोरला आहे की बी उधळले आहे’ या प्रश्नाचे उत्तर या तपासण्यांतूनच मिळते. दरम्यान रक्तक्षय दूर करणे, प्रथिनयुक्त आहार वाढवणे, मधुमेह काबूत आणणे, तंबाखू सोडणे आणि रोज चालणे ही कामे घरच्यांनी मनावर घ्यावीत. आतडे पूर्ण तुंबले असेल किंवा फुटले असेल, तर मात्र हा अवकाश मिळत नाही. तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते.

अलीकडच्या दोन अभ्यासांनी या तयारीत मोठी भर घातली आहे. ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडन येथील १,०५३ रुग्णांवरील ‘फॉक्सट्रॉट’ अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आतड्याच्या खोलवर गेलेल्या गाठींवर शस्त्रक्रियेपूर्वी सहा आठवडे केमोथेरपी दिल्यास दोन वर्षांत रोग शिल्लक राहण्याचे किंवा परतण्याचे प्रमाण २१.५ टक्क्यांवरून १६.९ टक्क्यांवर आले. दुसरा अभ्यास नेदरलँड्समधील ‘निश-२’, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला. पेशींतील जनुकीय चुका दुरुस्त करणारी यंत्रणा ज्या गाठींत निकामी झालेली असते, अशा गाठींवर शस्त्रक्रियेपूर्वी जेमतेम महिनाभर निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधे देण्यात आली. तपासलेल्या १११ रुग्णांपैकी ७५ जणांच्या काढलेल्या आतड्यात कर्करोगाची एकही जिवंत पेशी उरली नव्हती. अशा गाठी आतड्याच्या कर्करोगात अल्पसंख्य आहेत आणि ही औषधे अतिशय महाग आहेत, हेही लक्षात ठेवावे. तथापि आपली गाठ त्या गटातील आहे की नाही, हे ‘एमएमआर’ नावाच्या चाचणीने पहिल्याच तुकड्यावरून कळू शकते. ही चाचणी शस्त्रक्रियेपूर्वी झाली, तरच तिचा येथे पूर्ण उपयोग होतो.

जठराचा किती भाग जातो?

‘जठर काढणार’ हे शब्द ऐकून रुग्ण खचतो. प्रत्यक्षात पुष्कळदा जठराच्या वक्र कडेवरील चिकटलेला तुकडाच पाचरीसारखा कापून भिंत पुन्हा बंद केली जाते. अशा रुग्णाचे खाणेपिणे हळूहळू पूर्वपदावर येते. गाठ मोठी असेल किंवा जठराच्या निर्गमद्वारापर्यंत गेली असेल, तर खालचा बराच भाग काढून उरलेले जठर लहान आतड्याला जोडावे लागते. कधी प्लीहा किंवा स्वादुपिंडाचे शेपूटही सोबत काढावे लागते. म्हणून आतडे आणि जठर या दोन्हींच्या शस्त्रक्रिया नियमित करणारे पथक निवडावे. सांध्यातून गळती, जंतुसंसर्ग आणि काही दिवस जठर रिकामे न होणे हे धोके असतात. त्यांची स्पष्ट कल्पना रुग्णाला आधी दिली जावी. आजार रुग्णापासून लपवून त्याची सही घेणे, ही प्रेमापोटी होणारी गोष्ट असली तरी न्याय्य नाही.

जठर लहान झाल्यावर आहार थोडा थोडा आणि अनेक वेळा घ्यावा लागतो. गोड पदार्थ एकदम खाल्ल्यास घाम, धडधड, जुलाब असा त्रास होऊ शकतो. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम असलेल्यांनी हे आहारतज्ज्ञांना आधीच सांगावे. दिवसाच्या वेळातच पाच-सहा लहान आहार बसवण्याचा विचार करता येतो. उपवास मात्र डॉक्टरांच्या अनुमतीवाचून करू नयेत. जठराचा मोठा भाग गेल्यास ‘ब १२’ जीवनसत्त्वाचे शोषण घटते. शाकाहारी व्यक्तींत ते मुळातच कमी असण्याचा संभव अधिक, त्यामुळे त्याची तपासणी आणि आवश्यक तर इंजेक्शने चुकवू नयेत.

अहवाल ताळेबंदासारखा वाचावा

शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल येतो. तो फाइलमध्ये लावून मोकळे होऊ नये. त्यातील चार नोंदी डॉक्टरांकडून समजून घ्याव्यात. जठराच्या भिंतीत खरोखर कर्करोग होता की सूज? कापलेल्या कडा रोगमुक्त आहेत काय? किती लसिका ग्रंथी तपासल्या आणि त्यांपैकी किती बाधित निघाल्या? किमान १२ ग्रंथी तपासल्या जाव्यात, असा संकेत आहे. आणि चौथी नोंद एमएमआर चाचणीची. या चार उत्तरांवर पुढील केमोथेरपीचा निर्णय ठरतो. ती साधारणतः तीन ते सहा महिने चालते. त्यानंतरही पाच वर्षे रक्तचाचण्या, स्कॅन आणि आतड्याची दुर्बीण तपासणी ठरल्या वेळी करावी लागते.

आणि बी उधळलेले असेल तर?

पर्युदरावर प्रसार असेल, तर मार्ग वेगळा. अशा वेळी बहुधा केमोथेरपीला प्राधान्य मिळते. निवडक रुग्णांत दिसणाऱ्या सर्व गाठी काढण्याची दीर्घ शस्त्रक्रिया केली जाते. तिच्या जोडीला उदरात गरम केमोथेरपी फिरवण्याची पद्धत आहे. तिला ‘हायपेक’ म्हणतात. तिचा खर्च मोठा असतो आणि घरे-दागिने गहाण ठेवून ती करवून घेण्याचा विचार होतो. येथे फ्रान्समधील ‘प्रॉडिज ७’ या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष ठाऊक असावा. गाठी पूर्णपणे काढलेल्या रुग्णांत गरम केमोथेरपीची भर घातल्यास मध्यक आयुर्मान ४१.७ महिने आणि न घातल्यास ४१.२ महिने आढळले. लाभ झाला तो मुख्यतः कुशल शस्त्रक्रियेचा. म्हणून ‘‘ही जोड माझ्या रुग्णाला कशासाठी?’’ हे नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे. काही रुग्णांची प्रकृतीच मोठी शस्त्रक्रिया सोसण्याजोगी नसते. तेथे अन्नाची वाट मोकळी करणारी लहान शस्त्रक्रिया, वेदनाशमन आणि घरच्यांचा सहवास हाही आदरणीय उपचार आहे.

खर्चाविषयी अनुभवाचे दोन शब्द. आरोग्यविम्याच्या अनेक पॉलिसींत खोलीभाड्याला मर्यादा असते. त्याहून महाग खोली घेतल्यास केवळ भाड्याचा फरक नव्हे, तर इतर कित्येक बिलांतूनही त्या प्रमाणात कपात होते. दाखल होण्यापूर्वी पॉलिसीचे ते कलम वाचावे, लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि शासकीय आरोग्य योजनेत आपण बसतो काय, याची चौकशी करावी. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून या रोगावर काम करीत आहे. उपचाराचा दर्जा देशभर एकसमान व्हावा यासाठी २०१२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग जाळे उभे राहिले असून त्यात अनेक शहरांतील रुग्णालये सामील आहेत. दुसरे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अवमान नव्हे.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न असे :

१. कर्करोग जठराच्या भिंतीत थेट शिरला आहे, की पर्युदरावर पसरला आहे?
२. यकृत आणि फुप्फुसे स्वच्छ आहेत काय?
३. एमएमआर चाचणी केली आहे काय?
४. शल्यविशारद, औषधोपचारतज्ज्ञ आणि क्ष-किरणतज्ज्ञ यांनी एकत्र बसून या रुग्णाचा विचार केला आहे काय?
५. शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपीचा लाभ होईल काय?
६. जठराचा चिकटलेला भाग एकसंध काढण्याची तयारी आहे काय आणि असे काम या पथकाने पूर्वी केले आहे काय?

वाचकांना अखेरची विनंती प्रतिबंधाविषयी आहे. जठरापर्यंत पोहोचण्याआधी ही गाठ बराच काळ आतड्यातच असते आणि आपल्या परीने खुणा देत असते. पन्नाशीनंतर अकारण रक्तक्षय, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, शौचातून रक्त, घटते वजन यांपैकी काहीही आढळले, तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून घरगुती उपचारांत महिने घालवू नका. घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर भावंडांनी आणि मुलांनी पन्नाशीची वाट न पाहता डॉक्टरांना तपासणीचे वय विचारावे. आणि एखाद्या आप्ताविषयी ‘पोटात पसरला’ असे कानी आले, तर हळहळण्यापूर्वी एवढेच विचारा : जठरात की पर्युदरावर?